पौषातलं ताट

साताऱ्याच्या एका सरकारी कचेरीत मी आवक-जावकच्या टेबलावर चौतीस वर्षं काढली. लोकांचे अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचा, साहेबांकडे पाठवायचे. साहेब आतल्या खोलीत बसून 'नामंजूर' लिहायचे, आणि अर्जदार राग काढायचा तो बाहेर बसलेल्या माझ्यावर. त्यामुळे नकार कसा द्यावा हे मला पाठ झालं होतं. आवाज चढवायचा नाही. आधी चहा विचारायचा. मग कारण असं सांगायचं की समोरच्याला वाटावं, आपणच अर्ज मागे घेतला. एवढी तयारी घेऊन मी त्या जानेवारीत चेन्नईला गेले. अर्ज माझ्याच मुलाचा होता.

मी तेव्हा छप्पन्न वर्षांची होते. ती छप्पन्न वर्षांची बाई आता आठवली की मला एखाद्या आगाऊ पोरीसारखी वाटते. केसांना मेंदी, पर्समध्ये पंचांग, आणि जगातल्या सगळ्या रीतभाती साताऱ्यात तयार होऊन बाहेर पाठवल्या जातात असा पक्का समज. भेटली तर कान उपटीन तिचे.

मुलगा चेन्नईतल्या पेरुंगुडीला कंप्युटरच्या कंपनीत होता. एक दिवस त्याचा फोन आला, "आई, मुलगी पसंत केलीय. माझ्याच ऑफिसात आहे." मी विचारलं, "कुठली?" तो घाईघाईनं म्हणाला, "मराठीच आहे गं." चेन्नईत जाऊन मुलानं मराठी मुलगी शोधली! मी फोन कानाला तसाच धरून देवापुढे साखर ठेवली. मग तो म्हणाला, "म्हणजे तंजावरकडची मराठी." मी वाटीतली साखर पुन्हा डब्यात ओतली.

तसं त्या लोकांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. तेच तर. माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल माझी मतं फार ठाम असायची. त्यांची बोली कसली, त्यांचं जेवण कसलं, अशी खूप कारणं मी ह्यांना ऐकवली. हे पेपर वाचत 'हं' म्हणाले. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. साताऱ्याच्या घरावर आम्ही मुलासाठी वरचा मजला चढवला होता. तिकडची मुलगी केली तर तो तिकडचाच होणार, आणि वरच्या मजल्यावर मी जन्मभर पापड वाळत घालणार.

मुलीचे वडील चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावात सरकारी कारखान्यात नोकरीला होते. राहायचे तिथल्याच सरकारी क्वार्टरमध्ये. पण त्यांच्या घरात शब्द चालायचा तो मुलीच्या आजीचा, आणि आजी राहायची समुद्रकाठच्या एका छोट्या गावात, तरंगंबाडीला. पोंगलच्या सुट्टीत सगळे तिथेच जमणार होते. मुलगा म्हणाला, "आपणही जाऊ. भेटशील तरी." मी पंचांग उघडलं. पौष. आमच्याकडे पौषात लग्नाचं बोलणं काढतसुद्धा नाहीत. म्हणजे जाऊन येता येईल, काही ठरायची भीती नाही आणि नकार सावकाश देता येईल. मी म्हटलं, "जाऊ की. समुद्र बघून होईल."

समुद्राचं म्हणाल तर तोही मी लांबूनच बघायचे. लग्नानंतर हे मला गणपतीपुळ्याला घेऊन गेले होते. हे कंबरभर पाण्यात आणि नवी नवरी किनाऱ्यावर ह्यांच्या चपला धरून उभी. "ये की!" हे ओरडत होते. मी म्हटलं, "चपला कोण सांभाळणार?" अख्ख्या किनाऱ्यावर आम्ही दोघं आणि एक कुत्रं. तरी मी त्या चपला दोन तास सांभाळल्या.

चेन्नईहून मुलगा आणि मी पहाटेच भाड्याची गाडी करून निघालो. माझ्या मांडीवर पितळी ताट होतं, वर रुमाल झाकलेला.

"हे काय घेतलंस?" मुलानं विचारलं.

"संक्रांतीचं वाण. रथसप्तमीपर्यंत कुठल्याही सवाष्णीला देता येतं. हळदकुंकू, तिळगूळ, खण, नारळ, विडा आणि एक स्टीलची वाटी. मुलीच्या आईला देईन."

"त्यांच्याकडे अशी पद्धत नसेल."

"म्हणून तर. बघू देत जरा पद्धत काय असते ती."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं होतंही. डाव्या हाताला समुद्र मधूनच दिसायचा, मधूनच सुरूच्या बनामागे जायचा. मग मिठागरं आली, मिठाचे पांढरे ढीग, त्यांवर झावळ्या टाकलेल्या. चिदंबरमच्या पुढे कापणीला आलेली भातशेती. मी मनातल्या मनात नकाराची वाक्यं जुळवत होते. 'मुलगी गुणाची आहे हो, पण आमच्याकडची थंडी तिला सोसायची नाही.' साताऱ्याची थंडी! जसं काही मी मुलाला काश्मीरहून आणलं होतं.

दुपारी बाराच्या सुमारास गाव आलं. आत शिरायला पांढरी जुनी कमान, आणि कमानीतून सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना मोठ्या खांबांची, शांत घरं. कुठल्याशा गोऱ्या लोकांनी पूर्वी बांधलेला किल्ला डाव्या हाताला, आणि रस्ता संपतो तिथे समुद्र. कुणीतरी रस्त्याच्या तोंडाला उभा करून ठेवावा तसा. दोन सायकली आणि एक शेळी सोडली तर रस्त्यावर कुणी नव्हतं. गाडीचं दार उघडलं तसा एवढा वारा आत आला की मी आधी ताटावर हात ठेवला.

आजी ओट्यावर वेताच्या खुर्चीत बसलेली होती. ऐंशीच्या पुढची, काटकुळी, पांढरं सुती लुगडं, हातात काठी. मला वाटलं होतं, दुभाष्या लागेल. ती म्हणाली, "या साताऱ्याच्या बाई, या. उन्हाच्या आलात." मराठी सरळ होती. शब्द आपलेच, काही तर आपल्या पणजीच्या तोंडचे. फक्त वाक्याच्या शेवटी तमिळ हेल निघायचा.

"आमचीही माणसं तुमच्याच बाजूची," ती म्हणाली.

"हो का? कधी आली इकडं?" मी विचारलं.

"झाली की तीनशे वर्षं. जरा काम होतं म्हणून आले होते. लगेच येतो म्हणून सांगून आले. परत जायचं राहूनच गेलं बघा."

सगळे हसले. मी हसले नाही. ज्या गोष्टीची मला धास्ती होती, तीच ही म्हातारी गंमत म्हणून सांगत होती.

मुलगी आली, वाकून नमस्कार केला. सावळी, चष्मा लावलेली, चालणं झपाझप. ती माझ्याशी मराठी बोलली, आईशी तमिळ आणि माझ्या मुलाशी इंग्रजी, आणि तिन्हीकडे सारखीच हसली. मला ती आवडली. म्हणून मी मनात तिला आणखी दोन दोष चिकटवले.

आतल्या भिंतीवर गुडघाभर उंचीवर एक तपकिरी रेघ होती. बाकी भिंत नवीन रंगवलेली. मी बघतेय हे पाहून मुलीचे वडील हळूच म्हणाले, "मोठी लाट आली होती ना, तेव्हाची. आई पुसू देत नाही." दिवसभरात त्यांनी एवढंच एक वाक्य बोलून घेतलं.

केळीच्या पानावर जेवण झालं. सांबार होतं, ते असणारच होतं. पण पानाच्या कोपऱ्यात दह्यात कालवलेलं काहीतरी वाढलं, मी बोट लावून चाखलं, आणि हात थांबला. डांगर! उडदाच्या पिठाचं, वरून हिंगाची फोडणी. माझी आई करायची तसं. मी तीनदा मागून घेतलं. आजी सगळं बघत होती. तिच्या लक्षात आलं असणार की ही बाई नकार द्यायला आलीय आणि डांगर खाऊन अडचणीत आलीय.

जेवणानंतर मी ठरवलं, आता उरकावं. नकाराआधी चहा, तसं नकाराआधी वाण. मुलीच्या आईला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि रुमाल काढून ताट दोन्ही हातांनी तिच्या हातात दिलं. चांगलं ठसक्यात दिलं. बघा म्हटलं, पद्धत.

मुलीच्या आईनं सासूकडं बघितलं. आजी तमिळमध्ये दोनच शब्द बोलली. सून आत गेली आणि लगेच बाहेर आली, तिच्या हातात दुसरं ताट. नारळ, पानसुपारी, केळी, मोगऱ्याचा गजरा आणि जांभळी रेशमी साडी, हातभर जरीची. मला वाटलं, परतीचं वाण! आहे हं, माणसं रीतीची आहेत. मी कौतुकानं मान डोलावली आणि ताट घेतलं. वर 'कशाला एवढं?' असंही म्हणाले.

मुलीचे वडील उभे राहिले आणि त्यांनी मला हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलगी पाया पडली, ह्या वेळी जरा जास्त वेळ. माझा मुलगा तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता.

"सेरी, बरं झालं," आजी म्हणाली, "ताटं बदलली. लग्न ठरलं. सुने, खडीसाखर आण."

"अहो पण पौष आहे!" माझ्या तोंडून निघालं.

"तुमच्याकडे असेल बाई. आमच्याकडे पोंगलला तै महिना लागला. सगळी शुभ कार्यं ह्याच महिन्यात."

हातात खडीसाखर आली. ती मी तोंडात टाकली. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडून एकही अर्ज चुकून मंजूर झाला नव्हता. इथे मी खण, नारळ आणि तिळगुळासकट मंजूर करून बसले होते.

मी मुलाचा मोबाईल घेऊन ओट्याच्या टोकाला गेले आणि ह्यांना फोन लावला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणून हे साताऱ्यातच होते. सगळं सांगितलं.

"नारळ कुणी दिला?" ह्यांनी विचारलं.

"मी."

"हातानं?"

"मग काय पायानं?"

"मग झालं की. डॉक्टरांनी मला त्रास करून घेऊ नको म्हणून सांगितलंय. ठेवतो."

उन्हं उतरल्यावर मुलगा मला किल्ल्याच्या तटावर घेऊन गेला. खाली वाळूत मासेमारीच्या होड्या ओढून ठेवलेल्या, निळ्या आणि पिवळ्या. पोरं होड्यांवरून उड्या मारत होती. समुद्र शांत होता. मुलगा नखं बघत उभा राहिला. लहानपणापासून तो असाच, महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी नखं बघतो.

"आई, तू वाणच दिलंस ना?"

"आणखी काय देणार?"

"मला तिच्याशीच लग्न करायचंय. पण तू चुकून हो म्हटलेलं मला नकोय. तू म्हणशील तर मी जाऊन सांगतो की गैरसमज झाला. त्यांना वाईट वाटेल, पण फसवून नको. उद्या सकाळी निघायच्या आधी सांग."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर थांबू. तू हो म्हणेपर्यंत."

हा मुलगा साधा आवाज चढवला असता तरी मला सोपं गेलं असतं. मी शेवटी विचारलं, "तू इथेच राहणार ना रे? कायमचा?"

त्यानं पुन्हा नखं बघितली. "बहुतेक हो, आई."

खोटं बोलला नाही, ह्याचा मला तेव्हा फार राग आला.

सकाळी उठून अंगणात आले तर आजी काठी घेऊन तयार. "चला बाई, समुद्र दाखवते. काल तुम्ही लांबूनच पाहिलात." मी चपला घातल्या. ती अनवाणीच.

पाण्याच्या अगदी कडेला एक जुनं देऊळ होतं. अर्धं समुद्रानं नेलेलं, उरलेल्याभोवती मोठमोठे दगड रचलेले. होड्या परत येत होत्या. आजी चालत चालत थेट घोटाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. मी दहा पावलं मागे.

मी ठरवलं, हिला तरी खरं सांगावं. मोठ्यानं म्हणाले, कारण लाटांचा आवाज होता, "आजी, ते वाण होतं! संक्रांतीचं! मी लग्न ठरवायला ताट दिलं नव्हतं!"

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"माहीत आहे म्हटलं. तंजावरची झाले तरी तिळगूळ ओळखत नाही का मी?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सून आत जाऊन लगेच ताट घेऊन आली होती. गजरा ताजा होता. म्हणजे सकाळीच ओवून ठेवलेला.

"तुम्ही फसवलंत मला!"

"थोडंसं," आजी म्हणाली. "तुमच्या तोंडावर 'नाही' लिहिलेलं होतं. म्हटलं, ही बाई तोंड उघडायच्या आत ताट हातात द्यावं. तुम्ही तर स्वतःच आधी दिलंत. केवढं काम वाचवलंत माझं."

मी भांडायला म्हणून दोन पावलं पुढे गेले. ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगू बाई? मलाच तुमची भीती होती."

"माझी? कशाची?"

"तुम्ही पोरीला साताऱ्याला न्याल म्हणून. ती म्हणते, तो जिथं म्हणेल तिथं जाईन. लाट आली तेव्हा हिनंच मला पाठीवर घेऊन माडीवर चढवलं. तीच लांब जाणार म्हटल्यावर मला जेवण जाईना. दोन महिने मी नाही म्हणत होते. मग वाटलं, मी किती दिवस धरून बसणार? म्हणून साडी आणली. नारळ अजून फोडलेला नाही. देवापुढे तसाच आहे. परत न्यायचा तर न्या, मी वाईट वाटून घेणार नाही."

म्हणजे ही म्हातारी तिकडून आणि मी इकडून, दोघीही एकाच भीतीला धरून बसलो होतो. तिनं तरी सोडायची ठरवून साडी आणली होती. मी मात्र पंचांग पुढे करून, शहाणी होऊन, साताऱ्याहून इतक्या लांब आले होते ते धरून ठेवायला.

ऐकता ऐकता मी कधी पुढे सरकले मला कळलंच नाही. एक लाट आली आणि चपलांसकट घोट्यांवरून गेली. लाट मागे गेली तशी पायाखालची वाळू सरकायला लागली. मी आजवर हे नुसतं बोलण्यात वापरत आले होते, ती खरोखर सरकते! मी किंचाळले आणि आजीचा दंड पकडला. ऐंशी वर्षांची काटकुळी बाई आणि साताऱ्याचं सत्तर किलो वजन. पण ती जागची हलली नाही.

"पाय रोवू नका," ती म्हणाली. "रोवलेत की पडाल. जरा इकडे तिकडे करत राहा."

पुढची लाट गुडघ्यापर्यंत आली. साडी भिजली. माझी डावी चप्पल लाटेबरोबर निघाली आणि मी तिच्याकडे बघत राहिले. मला हसायला यायला लागलं. ह्यांच्या चपला दोन तास सांभाळणारी ती नवी नवरी आठवली. काय काय सांभाळत बसली होती बाई! आजी विचारत होती, काय झालं म्हणून, आणि मला सांगता येईना. आजीही हसायला लागली, कशाला ते माहीत नसताना.

घरी आलो. साडीतून पाणी गळतंय, एका पायात चप्पल, अशी मी सरळ देवापुढे गेले आणि नारळ उचलला. माझाच, त्याला माझ्या हातचं कुंकू होतं. बाहेर आणून ओट्याच्या पायरीवर आपटला. पहिल्या फटक्यात नुसती चीर गेली. दुसऱ्यात दोन भकलं झाली आणि पाणी उडून माझ्या तोंडावर आलं. मुलीच्या आईनं पळत येऊन वाटी पुढे धरली. वाणातली स्टीलची वाटीच होती ती.

माझा मुलगा तोंडात ब्रश धरून दारात उभा होता. त्याच्यामागे चष्मा न लावलेली ती, डोळे बारीक करून काय चाललंय ते बघत होती.

"हा चुकून नाही फोडला," मी म्हणाले. "आणि डांगरात घालायला अर्धा ठेवा. मी शिकून जाणार आहे."

मुलानं ब्रश काढला. तोंडाला फेस तसाच. मुलीचे वडील म्हणाले, "बसा, कॉफी." त्यांचं दुसरं वाक्य.

गाडीत चिदंबरमपर्यंत माझ्या साडीतून वाळू पडत होती. मांडीवर जांभळी साडी, आणि पायांत मुलीच्या आईच्या चपला. त्या मी परत केल्या त्या लग्नात, नवीन घेऊन.

लग्न माघात झालं, आमचा आणि त्यांचा, दोघांचाही मुहूर्त बघून. मुलगा चेन्नईतच राहिला. वरच्या मजल्यावर मी अजून पापड घालते, पण सहाच महिने. उरलेले सहा महिने आम्ही दोघं पेरुंगुडीला असतो. आजी आता नाही. तिच्या भिंतीवरची रेघ तिच्या सुनेनं तशीच ठेवली आहे, आणि दर पोंगलला आम्ही सगळे तिथे जातो. माझी नात मला हात धरून पाण्यात नेते आणि तमिळमध्ये काहीतरी ओरडते. मी पाय रोवत नाही.

साताऱ्याहून शेजारणीचा फोन येतो, "अहो, परत कधी येताय?"

मी म्हणते, "लगेच येते. जरा काम होतं म्हणून आलेय."